नाकोबा शिडवाले

आमच्या ह्यांना बंदराचा सगळा धक्का नाकोबा म्हणतो. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि ह्यांना तो आपला मान वाटतो. मी एकदा समजावून पाहिलं, की अहो, लोक तुमची फिरकी घेतात. तर म्हणाले, "घेऊ देत. काम पडलं की माझ्याच दारात येतात ना?" आणि येत होते खरे.

ह्यांचा धंदा होड्यांची शिडं धुण्याचा. लोकांना आधी ते खरंच वाटत नाही. शीडही धुवावं लागतं का, दिवसभर पाण्यातच असतं ना ते, असं विचारतात. बायको दिवसभर घरातच असते ना, मग दमते कशानं, असं विचारणाऱ्याकडे मी ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं हे त्या माणसाकडे बघतात. मग समजावतात. शीड पाण्यात नसतं, पाण्यावर असतं. खारं पाणी उडतं, सुकतं, मीठ मागे राहतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आणि होडीवाले असतात एकजात आळशी. फिरून आले की ओलं शीड तसंच गुंडाळायचं, पिशवीत कोंबायचं आणि घरी जाऊन ताणून द्यायची. काही दिवसांनी पिशवी उघडतात, तर पांढऱ्या शिडभर काळे-करडे ठिपके आणि नाक धरायला लावणारा वास. बुरशी. मग ती पिशवी घेऊन आमच्याकडे येतात आणि चेहरा असा करतात, जणू शेजाऱ्यानं येऊन लावून दिली.

आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहतो, खाली शेड. शेडला उतरती सिमेंटची जमीन, एका बाजूला हौद, वर आडव्या-उभ्या दोऱ्या. शीड आलं की हे आधी ते बाहेर नेऊन सुक्या मऊ ब्रशनं झाडतात. आत झाडलं तर बुरशी उडते आणि शेजारच्या धुतलेल्या शिडावर जाऊन बसते. मग कोमट पाणी, साधा साबण, व्हिनेगर. हट्टी डाग असेल आणि कापड पॉलिस्टरचं असेल तर अगदी पातळ केलेलं ब्लीच. नायलॉन असेल तर ब्लीचची बाटली हे नुसती हौदाजवळही येऊ देत नाहीत, कारण नायलॉनला ब्लीच लागलं की ते पिवळं पडतं आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात फाटतं. कड्यांच्या गंजाचे डाग लिंबू आणि मीठ चोळून काढायचे. पक्ष्यांचे डाग पक्ष्यांना शिव्या घालत काढायचे, ही ह्यांची खास पद्धत. शेवटी भरपूर गोडं पाणी, आणि सावलीत वाळवण. पिळायचं नाही, फडफडू द्यायचं नाही.

हे सगळं कुणीही शिकेल. मीसुद्धा शिकले, न शिकवता. शेवटची पायरी मात्र ह्यांची एकट्याची. शिडाचे कोपरे तीनचार पदरी शिवलेले असतात, कारण सगळी ओढ तिथे येते. ओलही तिथेच दडून बसते. वरून हात लावावा तर कोरडं ठणठणीत, आत बुरशी जिवंत. डोळ्यांना ती दिसायला वेळ लागतो, नाकाला लगेच कळते. म्हणून हे कोपऱ्याची घडी उघडायचे, कानांपर्यंत डोकं आत घालायचे, डोळे मिटायचे आणि वास घ्यायचे. मालक समोर उभा, हाताची घडी घालून, निकाल ऐकायला आल्यासारखा. मग डोकं बाहेर यायचं. मान डोलली तर शीड पास. नाही डोलली तर पुन्हा हौद. त्या मान डोलावण्यासाठी लोक लांबलांबून शिडं आणायचे. पलीकडच्या धक्क्यावर एकानं धुलाईचं मोठं मशीन आणलंय. मशीनला मान कुठे आहे, असं हे सांगत फिरायचे.

बाहेर लोक ज्याचं कौतुक करतात, ते घरात घेऊन राहणं काय असतं ते मला विचारा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्या सामानात आईनं दिलेली तेलाची बाटली होती. आई डोक्याचं तेल घरी कढवायची, त्यात मेथ्या आणि कसलीशी पानं टाकायची. वास उग्र होता, कबूल. पण तो माझ्या माहेरचा वास होता. आमचे नवरदेव खोलीच्या दारातच थांबले आणि म्हणाले, "इथे काही मेलंय का?"

मी म्हटलं, "नाही. माझं डोकं आहे."

त्या दिवसापासून त्या तेलाला बंदी. कारण काय, तर शिडांना वास लागेल, शिवाय तेलाचा डाग म्हणजे डागांचा बाप. बाटली मी माहेरी परत पाठवली. आईनं विचारलं, का गं, संपली? मी हो म्हटलं. तेव्हापासून माझे केस काथ्यासारखे आहेत, आणि त्याचा राग मी कधीही विसरले नाही.

मुलीनं लग्नाचा मुलगा दाखवायला घरी आणला, तर हे त्याचा हात हातात घेऊन इतके वाकले की मला वाटलं, हे त्याच्या पायाच पडतायत. वास घेत होते. तो गेल्यावर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. मोजे कालचे आहेत." मुलगी आठवडाभर बापाशी बोलली नाही. जावई अजूनही आमच्याकडे यायचं म्हटलं की वाटेत नवे मोजे विकत घेतो. माझी नणंद अत्तर लावायची, तिला ह्यांनी दारातूनच हात धुऊन यायला सांगितलं. तेव्हापासून ती फक्त फोन करते. हा एक फायदा मात्र मी ह्यांच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा करते.

मग गेल्या थंडीत ह्यांना सर्दी झाली. सर्दी झालेला पुरुष म्हणजे काय प्रकरण असतं ते घरोघरी माहीत आहे, त्यामुळे तो भाग मी सोडून देते. वाफारे झाले, काढे झाले, कण्हणं झालं. सर्दी गेली. आणि घरात शांतता आली.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. कानाला रोजची कटकट थांबली की आधी बरं वाटतं, मग काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. भाजीला फोडणी जास्त बसली, हे गप्प. फडकं नीट वाळलं नाही, हे गप्प. एक दिवस दूध करपलं. पातेल्याच्या तळाशी काळा थर, खिडक्या उघडल्या तरी वास जाईना. दुसरं दूध नव्हतं, म्हणून मी त्याचाच चहा केला आणि भांडणाच्या पूर्ण तयारीनं ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "छान झालाय."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या चहाला बरा म्हटलं होतं, चालेल म्हटलं होतं. छान कधीच नाही. नवरा अचानक चहाला छान म्हणायला लागला की शहाण्या बाईनं काय समजायचं? मी तेच समजले. कुणीतरी आहे.

मग मी पाळत ठेवली. दुपारी जेवून आडवं होणारा माणूस आता दुपारचा शेडमध्ये जायला लागला होता आणि आत गेल्यावर दार लोटून घेत होता. तिसऱ्याच दिवशी मी चपला हातात घेऊन जिना उतरले आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावला. जी कोण असेल तिच्या झिंज्या कुठल्या हातानं धरायच्या, तेही मी ठरवून गेले होते.

बाई नव्हती. हे एकटेच धुण्याच्या ओट्यावर बसले होते. समोर ओळीनं मांडलेली व्हिनेगरची बाटली, ब्लीचचा डबा, डांबराचं डबडं, आणि बुरशी लागलेलं एक जुनं फडकं, जे हे नमुना म्हणून ठेवतात. हे एकेक उचलत होते, नाकाला लावत होते, डोळे मिटून थांबत होते आणि खाली ठेवत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ते फडकं ह्यांनी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरलं, टॉवेलनं तोंड पुसावं तसं. त्याचा कुबट वास मला दाराबाहेर येत होता. ह्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर टाकून नुसते बसून राहिले.

बाई असती तर परवडली असती, तिचं काय करायचं ते मला माहीत होतं. याचं काय करायचं ते कळेना. मी तशीच वर गेले, चपला घातल्या, मुद्दाम पाय आपटत परत खाली आले आणि दाराबाहेरूनच ओरडले, "अहो, सुतळी आहे का?"

विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ह्यांनी साफ नाही म्हटलं असतं, आणि मग मला आपलं पटल्यासारखं करत उरलेला जन्म काढावा लागला असता. मनात म्हटलं, आज ना उद्या स्वतःच सांगतील. पण सांगतील कसले. शिडं येत होती, धुतली जात होती, वाळत होती, आणि शेवटी हे कोपऱ्यात डोकं घालून, डोळे मिटून, मान डोलावत होते. मालक खूश होऊन जात होते. मला वरून खिडकीतून दिसायचं. ती मान बघवत नसे.

मग कॅप्टनबाई आली. धक्क्यावर मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारी एक शाळा आहे, ती ही बाई चालवते. गळ्यात कायम शिटी, पण ती वाजवताना कुणी पाहिलेलं नाही, कारण तिच्या आवाजापुढे शिटी म्हणजे कुजबुज. शाळेला सुट्टी लागली की तिची सगळी शिडं आमच्याकडे येतात. आमचं वर्षाचं निम्मं काम तिचं. धुऊन नेलेलं एक शीड तिनं शेडच्या दारात आणून आपटलं.

"नाकोबा, वास घ्या."

ह्यांनी घेतला. म्हणजे घेतल्यासारखं केलं.

"येतोय ना कुबट? तुमची मान डोललेली आहे यावर. मी समोर उभी होते."

"तुमच्या पिशवीत पाणी शिरलं असेल," हे म्हणाले. ह्यांचा आवाज घाबरलेला होता. मला तरी तो घाबरलेला वाटला. बाईला उद्धट वाटला.

"हे एक चालवून घेते," ती म्हणाली. "बाकीची शिडं शाळा उघडेल त्या सकाळी मी धक्क्यावर पसरून बघणार आहे. सगळ्यांच्या समोर. एकाला जरी बुरशी निघाली तर पुढच्या वर्षीपासून मशीनवाल्याकडे. मशीन निदान बहाणे सांगत नाही."

ती गेल्यावर ह्यांनी ते शीड पुन्हा हौदात घातलं आणि गरज नसताना जोरजोरात धुतलं. मी वर बसून हिशेब केला. काम गेलं तर पोटाचं काहीतरी होईल, मुलगी-जावई आहेत, मोज्यांसकट. पण सगळ्या धक्क्यासमोर ह्यांचं नाक कापलं गेलं असतं, तेही मशीनवाल्याच्या फायद्यासाठी. ते मला सहन होणार नव्हतं. या माणसाचा पाणउतारा करायचा हक्क माझा एकटीचा आहे.

तेव्हा मी ठरवलं, आपण वास घ्यायचा. संध्याकाळी हे धक्क्यावर गप्पा ठोकायला जायचे, तेव्हा मी शेडमध्ये उतरायची. ह्यांनी पास करून पिशवीत भरलेली शिडं बाहेर काढायची, कोपरे उघडायचे, डोकं आत घालायचं. पहिल्या दिवशी काही कळेना. शिंकाच आल्या. मग नमुन्याचं फडकं हुंगून आले आणि पुन्हा आत डोकं घातलं, तेव्हा हळूहळू उमजायला लागलं. चांगल्या शिडाला जवळजवळ वासच नसतो. वाईट शिडाला कपाटात विसरलेल्या ओल्या टॉवेलचा असतो, फक्त खूप आत, पुसट. इतकी वर्षं हा माणूस उगाच भाव खात नव्हता, हे मला तिथे, शिडात डोकं घालून उभी असताना पटलं. ह्यांना सांगितलं नाही.

वाईट शीड सापडलं तर काय करायचं? ह्यांना सांगता येत नव्हतं. म्हणून मी ते पिशवीत तसंच भरायची आणि दुसऱ्या दिवशी जमीन पुसताना पिशवीवर बादली सांडायची. सबंध बादली, पिशवीचं तोंड बघून. मग हे शीड बाहेर काढायचे, पुन्हा धुवायचे, पुन्हा वाळवायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे. "हात आहेत का काय आहे? लक्ष कुठे असतं तुझं?" एकदा तर म्हणाले, "वय झालं गं तुझं." हे मला. ज्यांना करपलेलं दूध कळत नव्हतं ते मला म्हणाले, वय झालं. मी दात आवळून "हो ना" म्हटलं. माझ्या आयुष्यात मी गिळलेला हा सगळ्यात मोठा घास होता.

त्याची भरपाई मी दुसरीकडे केली. आईचं तेल कढवलं. मेथ्या टाकल्या, पानंही शोधून आणून टाकली, घर अगदी माहेरासारखं घमघमलं. हे शेजारी बसून जेवत होते. मी मुद्दाम केस मोकळे सोडून ह्यांच्या ताटावर वाकले, भात वाढला. काही नाही. हे मुकाट्यानं जेवले. इतक्या वर्षांनी मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. पण तेल काही सोडलं नाही. रोज लावायला लागले, चांगलं चपचपीत. केस सुखावले हो.

शाळा उघडायची सकाळ आली. धक्क्यावर ऊन लख्ख. कॅप्टनबाईनं शिडं एकेक करून पसरली. होडीवाले जमले होते, मशीनवालाही सहज म्हणून आला होता, सहज येतात तसाच, नवा शर्ट घालून. हे ताठ उभे होते. ह्यांच्या कानामागून घाम ओघळत होता आणि तो फक्त मला दिसत होता. मी मात्र निवांत होते. प्रत्येक शीड माझ्या नाकाखालून गेलं होतं.

"हे काय आहे?" कॅप्टनबाई म्हणाली.

शिडाच्या कोपऱ्यावर एक डाग होता. पिवळसर, कडेला धूळ चिकटलेला, साधारण डोक्याएवढा. शेडच्या अंधारात दिसला नसता, उन्हात मात्र ओरडून सांगत होता. दुसरं शीड पाहिलं, तिथेही कोपऱ्यावर तसाच डाग. तिसऱ्यालाही. सगळ्या शिडांना, सगळ्या कोपऱ्यांवर. मशीनवाला खोकल्यासारखं करून हसला.

मला त्या क्षणी कळलं. शिडवाल्याची बायको मी, शेडमध्ये जाताना हात तीनतीनदा धुवायची. डोकं धुवायचं कुणाला सुचतं?

हे गुडघ्यांवर बसले. बोटानं डाग चोळला, बोट उन्हात धरून पाहिलं. "इंजिनचं तेल नाही," म्हणाले, "काळपट नाही. स्वयंपाकाचं नाही, चिकट झालं असतं." आणि सवयीनं कोपरा उचलून नाकाशी नेला. आणि थांबले.

"घ्या ना वास," कॅप्टनबाई म्हणाली. "सांगा कसलं आहे ते. नाकोबा ना तुम्ही?"

सगळा धक्का बघत होता. ह्यांच्या हातात तो कोपरा, नाकाच्या जवळ तसाच. मी पुढे सरकले. काहीतरी खोटं बोलणार होते, काय ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याकडे. ऊन माझ्या केसांवर पडलं होतं आणि ते चकाकत होते. ह्यांनी डागाकडे पाहिलं, पुन्हा माझ्या डोक्याकडे पाहिलं. डागांच्या बाबतीत हा माणूस कधी चुकत नाही. त्या बादल्या, ते सांडणं, सगळं ह्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटताना मला दिसलं.

हे उठून उभे राहिले. "बाई, मला वास येत नाही," म्हणाले.

"सर्दी?"

"नाही. थंडीत गेलं नाक, ते आलंच नाही. गुपचूप डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात येईल कदाचित, नाही येणार कदाचित."

मशीनवाल्याचं हसू राहिलं अर्धवट. कॅप्टनबाई म्हणाली, "मग ही शिडं पास कुणी केली? मी स्वतः तुमची मान डोलताना पाहिली आहे."

"मान माझी होती," हे म्हणाले. "नाक हिचं."

असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी आजवर ह्यांच्या तोंडून स्वतःचा उल्लेख अनेक प्रकारे ऐकला आहे. असा कधी ऐकला नव्हता. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी मशीनवाल्याच्या शर्टाकडे बघत राहिले.

कॅप्टनबाई वाकली आणि तिनं पहिल्या शिडाच्या घडीत डोकं घातलं. मग दुसऱ्या. एवढी शिस्तीची बाई, सगळ्या धक्क्यासमोर, डोकं शिडात आणि बाकीची सगळी बाहेर, अशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग उभी राहून शिटी सरळ केली.

"बुरशी एकालाही नाही," ती म्हणाली. "पण सगळ्या शिडांना हिच्या डोक्याचा वास येतोय."

"तो मी काढून देतो," हे म्हणाले.

"द्या. आणि पुढच्या वर्षीही शिडं इथेच येतील. फक्त हिचं डोकं झाका."

त्या दिवशी शेडमध्ये आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो होतो. हे डागांवर खडूची पूड टाकायचे, ती तेल पिऊन पिवळी झाली की झटकायचे, मग भांड्यांचा साबण लावून हळूहळू चोळायचे. मी पूड करून देत होते.

"त्या बादल्या?" हे म्हणाले.

"हो."

"सगळ्या?"

"एक खरंच सांडली होती."

ह्यांनी थोडं चोळलं. "मी तुला म्हणालो, वय झालं."

"म्हणालात. मी लक्षात ठेवलंय."

"आणि हे तेल? तुझ्या आईचंच ना?"

"चहाला छान म्हणालात, त्यानंतरचं आहे."

ह्यांनी मान हलवली, त्या डागावर आणखी पूड टाकली. मग हळूच म्हणाले, "तुला सांगणार होतो. पण वाटलं, नाकच गेलं तर माझा उपयोग काय? शेडमध्ये नाही, घरात तरी काय?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "घरात?" मी म्हटलं. "घरात तुमच्या नाकाचा कधी उपयोग झाला होता हो? नणंद तोडलीत, जावयाला मोज्यांचं वेड लावलंत, माझे केस काथ्या करून टाकलेत. नाक गेल्यापासून पहिल्यांदा माणसासारखे जेवताय!" आणि एवढं बोलून मी रडायला लागले, म्हणजे बोलण्याचा सगळा परिणाम गेला. हे हसले. हसता हसता ह्यांचेही डोळे भरून आले, आणि ते खडूच्या पुडीमुळे असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

आता वास मी घेते, राजरोस. अंघोळीला घालतात तशी प्लॅस्टिकची टोपी घालून. मालक समोर हाताची घडी घालून उभे असतात, मी कोपऱ्यात डोकं घालते, बाहेर काढते, ह्यांना सांगते, आणि मान हेच डोलावतात. मान त्यांचीच छान डोलते, ते मला जमत नाही. धक्का मला नाकोबाई म्हणायला लागला आहे. मला त्यात काही मान वाटत नाही. पण काम पडलं की येतात.

डॉक्टरांनी ह्यांना एक उपाय सांगितला होता. ओळखीचा, उग्र असा एखादा वास रोज न चुकता घ्यायचा, त्यानं कधीकधी नाक परत येतं. व्हिनेगर होतं, डांबर होतं, ब्लीच होतं. ह्यांनी निवडलं ते माझं डोकं. काम संपलं की मी जिन्याच्या पायरीवर बसते, टोपी काढते, आणि हे वरच्या पायरीवर बसून कानांपर्यंत माझ्या केसांत शिरतात, डोळे मिटून. मग डोकं वर काढून म्हणतात, "नाही." मी म्हणते, "उद्या बघू." ज्या तेलाला या माणसानं उभा जन्म घराबाहेर ठेवलं, त्याची दुर्गंधी यावी म्हणून हाच आता रोज धडपडतो.

परवा मी फार वैतागले होते. शिडं खूप होती, पाठ भरून आली होती. पायरीवर बसल्या बसल्या मी म्हटलं, "पुरे झालं हो. नाही येणार ते. कशाला रोज आशा लावून बसायचं?" हे नेहमीसारखे वाकले, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग डोकं वर काढलं, तोंड वाकडं केलं आणि अगदी पहिल्या दिवसासारखे म्हणाले, "शी! काय मेलंय का इथे?"

मी वळून पाहिलं. हे माझ्याकडे बघत मान डोलावत होते, शीड पास झाल्यासारखी.

त्या सकाळी मी डोकं धुतलं होतं. तेलाची बाटली संपली होती, नवं अजून कढवायचं होतं. माझ्या केसांना साबणाचासुद्धा वास उरला नव्हता.

"येणारच," मी म्हटलं. "माझं डोकं आहे. सहन करा."

हे खूश होऊन शिट्टी वाजवत धक्क्यावर गेले. मी पाठ धरून वर गेले, गॅस पेटवला आणि हे परतायच्या आत तेल कढवून चांगलं चपचपीत डोक्याला चोपडलं. आपला माणूस उगाच खोटा पडायला नको.